कार्ड मी फेकलं होतं

एका बाईची नऊ वर्षांची नोकरी मी अर्ध्या मिनिटात घालवली आणि वर टाळ्या मिळवल्या. हे सुरुवातीलाच सांगून टाकते. माझ्या नातीचं म्हणणं असं की, आजी लिहायला बसली की पहिल्या पानावर स्वतःचीच आरती ओवाळते आणि खरी गोष्ट सातव्या पानावर येते. तिला खोटं पाडायचं म्हणून कबुलीजबाब वरच घेतला आहे. आरती मध्ये कुठेतरी येईल, ती सोसून घ्या.

तेव्हा माझं वय चौतीस. म्हणजे 'लहान होते, कळत नव्हतं' अशी सूट मागायचीही सोय नाही. वसमतला एका खोलीत आमच्या कामगार युनियनचं कार्यालय होतं. तिथे मी आधी टायपिस्ट होते. जुने चिटणीस मुलाकडे राहायला गेले, त्यांच्या जागी कोणीच उभं राहीना, म्हणून मी चिटणीस झाले. लोकांना सांगताना मात्र मी 'एकमताने निवड झाली' असं सांगायची. खोटं नव्हतं. मत एकच होतं, माझं.

चिटणीस झाल्यावर पहिलं काम मी काय केलं असेल, तर एक लाल काठाची साडी घेतली. मोर्चाची साडी. ती नेसली की माझा आवाज आपोआप दोन पट्ट्या वर जायचा. कायद्याचं पुस्तकही घेतलं होतं, पण ते साडीइतकं वापरात नव्हतं.

आमच्या भागात हळद फार. शिजवून वाळवलेली हळद कारखान्यात येते, मोठ्या लोखंडी ढोलात घालून फिरवतात, एकमेकींवर घासून तिची साल निघते आणि चमक येते. मग निवडणी, दळण, चाळणी, पॅकिंग. निवडणीवर सगळ्या बाया. संध्याकाळी सुटल्या की पापण्यांपर्यंत पिवळ्या. त्यातलीच एक धुरपता. मूळची सेनगावकडच्या तांड्यावरची. नवरा मार्केट यार्डात हमाल, दोन मुली शाळेत. अंगानं शिडशिडीत, बोलणं मोजकं. ती निवडणीला बसली की शेजारच्या बायांचा ढीग अर्धा व्हायच्या आत तिचा संपलेला असायचा. नऊ वर्षांत एक खाडा सोडला तर तिची गैरहजेरी नव्हती, आणि तो खाडा धाकट्या मुलीच्या जन्माचा.

त्या कारखान्याचं नाव सांगत नाही. मालक आता नाहीत, आणि पुढच्या पिढीला मागच्याचा त्रास कशाला.

तर एके दिवशी ढोलावर काम करणाऱ्या सखारामभाऊंची दोन बोटं ढोल फिरवणाऱ्या पट्ट्यात गेली. पट्ट्यावर लोखंडी जाळी असायला हवी. ती महिनाभरापासून काढून भिंतीला टेकवून ठेवलेली होती, कारण पट्टा घसरला की जाळी खोलण्यात वेळ जातो. सरकारी साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर मॅनेजरनं एक कागद तयार केला. सखाराम पिऊन आला होता आणि जाळी त्यानंच काढली, असं त्यावर लिहिलेलं. पाळीतल्या प्रत्येकाला बोलावून सही घेतली. अकरा जणांनी दिली. त्यांना मी तेव्हा फार बोलले. आता बोलत नाही. घरी चूल असते प्रत्येकाच्या.

धुरपताची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "साहेब, मला जरा वाचून दावा."

मॅनेजरनं वाचून दाखवला.

"हे म्या पाहिलं न्हाई. म्या पाहिलं ते लिवा, सही देते."

"सगळ्यांनी दिली आहे ना?"

"त्यांनी पाहिलं आसंल, साहेब. म्या न्हाई पाहिलं."

संध्याकाळी सुटताना तिला सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नको. सकाळी ती नेहमीप्रमाणे डबा घेऊन आली. गेटवर जमादारानं अडवलं. कोणीतरी पळत येऊन मला सांगितलं. मी घरी जाऊन साडी बदलली, मग गेले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

गेटवर चाळीसेक बाया जमलेल्या. धुरपता एका बाजूला उभी. जमादार म्हणजे गेटवरचे राखणदार, वयस्कर, सावकाश बोलणारे गृहस्थ. मी त्यांना विचारलं, "काहून अडवलं हिला?"

"वरून हुकूम हाय, ताई."

"लेखी हाय का?"

"लेखी काय राहतंय. साहेब काल म्हनले, उद्यापासून न्हाई. तर आज उद्या झाला."

इथपर्यंत मी बराबर होते. 'लेखी हाय का' हा प्रश्न माझ्या तोंडून कसा कोण जाणे, पण अगदी योग्य निघाला होता. तिथेच तोंड मिटलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मागं चाळीस बाया, अंगावर लाल काठ. मी धुरपताच्या हातातलं हजेरीचं कार्ड हिसकावून घेतलं, जमादारांच्या टेबलावर फेकलं आणि ओरडले, "ठेवा तुमची नोकरी तुमच्यापाशी! आमच्या बाया काही लाचार न्हाईत! चल गं धुरपता, आसल्यांच्या दारात पाय ठिवायचा न्हाई!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! मी धुरपताचा दंड धरून तिला भर रस्त्यानं घेऊन निघाले. मागून दोन घोषणा झाल्या. चौथ्या दिवशी गावातल्या पेपरात चार ओळी आल्या, 'महिला कामगाराचा बाणेदारपणा'. ते कात्रण अजून आहे. जास्त शहाणपण आल्यासारखं वाटलं की काढून बघते.

टाळ्या चालू होत्या तेव्हा जमादारांनी एकच केलं. कार्ड उचललं, पुसलं, आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: कामगार धुरपता हिचे कार्ड जमा, सकाळी अमुक वाजता, निघून गेली.

पुढचे नऊ दिवस धुरपता माझ्या सांगण्यावरून घरी बसली. मी मोर्चाचं पत्रक लिहीत होते. त्यात 'ज्वालामुखी' हा शब्द तीनदा होता. दहाव्या दिवशी मी आमच्या युनियनच्या वकिलांकडे, काझीसाहेबांकडे, कागद घेऊन गेले. काझीसाहेब म्हणजे पांढरी दाढी, पानाचा डबा, आणि कामगार कायदा असा तोंडपाठ की कलम विचारलं की पान नंबर सांगायचे. मी सगळी हकीकत सांगितली, हातवाऱ्यांसकट. शाबासकीची वाट बघत थांबले.

ते म्हणाले, "नंतर गेटवर कोण गेलं?"

"कोणीच न्हाई, साहेब. स्वाभिमानाचा सवाल हाय."

"हां." पान लावणं थांबलं. "बाई, कोर्टात प्रत्येक कागदाला नंबर पडतो. त्याला निशाणी म्हणतात. निशाणी एक, निशाणी दोन. तुमच्या स्वाभिमानाला कोणती निशाणी लावू?"

मी आणलेले कागद उगाच सारखे करायला लागले. ते पुढे बोलले.

"नऊ वर्षं नोकरी झालेल्या बाईला काढायचं म्हणजे मालकाला किती तकलीफ होती, पता है? आरोप लेखी द्यावा लागला असता. चौकशी बसवावी लागली असती. तिला उलट सवाल करू द्यावे लागले असते. ते सगळं तुम्ही वाचवलं. आता तो म्हणणार, आम्ही कुठं काढली? खुद गेली, कार्ड देऊन गेली. तुमची मेहरबानी." आणि मग हात जोडून म्हणाले, "मालकानं तुम्हाला शाल-नारळ द्यायला पाहिजे."

बाहेरच्यांसाठी इथे थोडा कायदा सांगते. कामगाराला काढताच येत नाही, असं बऱ्याच लोकांना वाटतं, मालकांना तर फारच वाटतं. तसं काही नाही. चोरी केली, मारामारी केली, कामच नाही केलं, तर काढता येतं. कायद्याचं म्हणणं एवढंच की, का काढतोस ते लिहून दे, त्याचं म्हणणं ऐक, आणि ऐकणारा माणूस असा बसव की ज्याचा निकाल आधीच खिशात नाही. काम कमी झालं म्हणून काढायचं असेल तर वर्षात दोनशे चाळीस दिवस भरलेल्या माणसाला महिन्याची नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते, आणि शेवटी आला तो आधी जातो. एवढं सगळं करायचं जिवावर येतं म्हणून मालक दोन गोष्टींवर डोळा ठेवून असतात. एक, कामगारानं राजीनामा लिहून द्यावा. दोन, कामगारानं रागानं निघून जावं. पहिल्यासाठी ते कोऱ्या कागदावर सह्या घेऊन ठेवतात. दुसऱ्यासाठी त्यांना माझ्यासारखे पुढारी लागतात.

आमच्या भागात तर दुसरं फार सोपं. अपमान झाला की आमचा माणूस पहिलं काय करतो? डबा उचलतो आणि घरी जातो. 'नको तुझी नोकरी' म्हणताना त्याला मोठं समाधान वाटतं. घरचेही म्हणतात, बरं केलंस. पुढच्या पंचवीस वर्षांत मी माणसांना सगळ्यात जास्त वेळा काय सांगितलं असेल, तर 'निघून जाऊ नको'. शिवी ऐक, धक्का खा, पण गेटवर उभा राहा. उभं राहणं हाच तुझा पुरावा. हे वाक्य मी सभेत असं काही म्हणायची की जणू माझ्या पणजीनं शिकवलं. शिकवलं कोणी आणि कशापायी, ते आज सांगते आहे.

काझीसाहेबांकडून मी सरळ धुरपताच्या खोलीवर गेले. ती ज्वारी निवडत होती. मी सगळं सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं, पण जरा लवकर आणि हळू आवाजात. तिनं सूप खाली ठेवलं.

"मंग मी तिथंच गेटपाशी उभी ऱ्हायले असते, तर चाललं असतं व्हय?"

"व्हय."

"मी त्येच करणार होते, ताई."

एवढंच बोलली. मला वाटलं, आता शिव्या देईल, नवरा तरी देईल. नवरा म्हणाला, "चहा ठिव गं ताईला." तो चहा मला कसा गेला ते माझं मला माहीत.

दुसऱ्या दिवसापासून धुरपता पाळीच्या वेळेला गेटवर जायला लागली. डबा घेऊन, कामाची साडी नेसून. जमादाराला विचारायची, "कामावर घेता का?" ते म्हणायचे, "हुकूम न्हाई." मग ती गेटच्या बाहेर, भिंतीच्या सावलीला उभी राहायची, दुपारच्या सुट्टीपर्यंत. आम्ही कारखान्याला रजिस्टर पत्र पाठवलं: मी नोकरी सोडलेली नाही, कामावर यायला तयार आहे. ते 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं. परत आलेलं पाकीट बघून मला असा राग आला की मी ते फोडायलाच निघाले होते. एक कोपरा फाटलाही. काझीसाहेब टेबलावरून ओरडले, "हात मत लगाओ!" परत आलेलं पाकीट कधी उघडायचं नसतं. बंद पाकीट कोर्टात सांगतं की आम्ही बोलावलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. उघडलं की ते नुसता कागद होतं. त्या पाकिटाच्या फाटक्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावायचीही त्यांनी मला परवानगी दिली नाही. "राहू द्या. जज्जला कळू द्या कोणाचा हात लागला."

पहिल्या आठवड्यात बाया तिच्याकडे न बघता आत जायच्या. मॅनेजर गच्चीवरून बघायचा. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी जाता जाता तिच्या हातावर चटणी ठेवली. महिनाभरानं दुपारच्या सुट्टीत पाच-सहा बाया बाहेर येऊन तिच्यासोबत जेवायला लागल्या. जमादारांनी एकदा तिला बसायला स्टूल दिलं, मॅनेजरनं ते आत नेलं, दुसऱ्या दिवशी जमादार स्वतःच दिवसभर उभे राहिले. मी मध्येच जाऊन घोषणा द्याव्या म्हटलं तर धुरपता म्हणाली, "ताई, तुमी ऑफिसात जा. हितं मी हाय."

नव्वद दिवसांच्या आत तक्रार करायची असते. आम्ही बाहत्तराव्या दिवशी केली. तोवर ती रोज उभी राहिली. पुढे कारखान्यानं तिला 'एकरकमी घे आणि मोकळी हो' असा निरोप पाठवला. नवरा जरा डगमगला. मीही डगमगले, खरं सांगते, कारण ती तडजोड झाली असती तर माझी चूक कोर्टात निघाली नसती. धुरपता निरोप आणणाऱ्याला म्हणाली, "मला काम पायजे. दुसरं काई न्हाई पायजे." मी मनातल्या मनात तिला हट्टी म्हटलं. आता या वाक्यावर मी व्याख्यानं देते.

कामगार न्यायालय जिल्ह्याबाहेर. बस बदलून जायचं. तारखेला तारीख. मध्यंतरी धुरपता कोणाच्या शेतात सोयाबीन काढायला जायची, तूर काढायची, पण तारीख चुकवली नाही. पावणेतीन वर्षं गेली. कोर्टाच्या ओट्यावर बसून मी पुस्तक खरोखर वाचायला लागले ते तेव्हाच. साडी ट्रंकेत गेली.

मग साक्षीची वेळ आली. अडचण अशी की, त्या सकाळी गेटवर काय झालं ते सांगणार कोण? चाळीस बाया होत्या, पण सगळ्या आत कामाला. त्यांना साक्षीला आणणं म्हणजे आणखी चाळीस धुरपता करणं. राहिले मी. आमच्या कमिटीतले चार जण रात्री जमायच्या ऐवजी दुपारीच कार्यालयात जमले, इतकी घाई झालेली. युनियनची निवडणूक जवळ होती. एक जण म्हणाला, "ताई, कोर्टात सांगा की जमादारानं कार्ड हिसकून घेतलं. कोण बघायला हाय? चिटणीसच आपली चूक सांगाय लागली तर युनियनची इज्जत काय ऱ्हायली?"

मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मी ते वाक्य आधीच घरी म्हणून बघितलं होतं. 'जमादारानं कार्ड हिसकलं.' छान जमत होतं.

धुरपता कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "ताई, सखारामभाऊच्या कागदावर सही दिली आसती, तर माही नोकरी गेलीच नसती."

ती पुढे म्हणाली, "खोटं बोलायचं न्हवतं म्हून गेली. आता खोटं बोलून आणायची व्हय? आन् त्या जमादाराचं काय? त्योबी नोकरीच करून राहिला ना."

कमिटी उठली. मी रात्रभर वगैरे जागले नाही, चांगली झोपले. मला संकटात झोप फार लागते. सकाळी उठून काझीसाहेबांना सांगितलं, खरं लिहा.

साक्षीला उभी राहिले. कंपनीचे वकील तरुण, इस्त्रीचा कोट, आवाज गोड. त्यांना वाटलं, बाई फुशारकी मारेल, मग आपण तिला रजिस्टर दाखवू.

"कार्ड टेबलावर कोणी टाकलं?"

"मी."

त्यांनी हातातला कागद चाळला. हे त्यांच्या कागदावर नसावं.

"तक्रारदार बाईंनी सांगितलं म्हणून?"

"न्हाई. तिनं काही सांगितलं न्हाई. मी तिच्या हातून हिसकलं."

"का?"

"डोक्यात हवा गेली होती, साहेब."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. न्यायाधीश टायपिस्टला सांगायला लागले, "लिहा, 'रागाच्या भरात'..."

मी म्हटलं, "साहेब, रागाच्या न्हाई. राग असता तर मी मॅनेजरकडं गेले असते. टाळ्या पाहिजे होत्या."

न्यायाधीशांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाई म्हणतात तसं लिहा."

कंपनीचे वकील आता जरा तापले. "त्या वेळी तक्रारदार काय करत होत्या?"

"मला म्हणत होती, 'ताई, थांबा की जरा.'"

"मग तुम्ही थांबला का नाहीत?"

"माझाच आवाज मोठा होता."

"म्हणजे कामगारांच्या पुढारी म्हणवणाऱ्या तुम्हाला साधा कायदा माहीत नव्हता?"

"त्या दिवशी नव्हता. आता थोडा येतो. तुमच्या कंपनीनं तिला एकदा तरी बोलावणं पाठवलं का, ते विचारायचं असतं, एवढा येतो."

काझीसाहेबांनी खाली मान घातली. नंतर म्हणाले, हसू आवरत नव्हतं. ही माझी आरती, संपली.

मग कंपनीचा साक्षीदार म्हणून जमादार आले. रजिस्टर घेऊन. काझीसाहेबांनी त्यांना दोनच प्रश्न विचारले. "कार्ड कोणाच्या हातातून टेबलावर आलं?"

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची नोकरी त्यांच्या मालकाच्या हातात होती, आणि मालकाचे वकील समोर उभे.

"ताईच्या."

"आणि पुढे ही बाई कुठं होती?"

"गेटवर. धा दिवसांनी आली, मंग रोज. हुकूम न्हवता म्हून आत न्हाई घेतली."

'हुकूम नव्हता.' त्या दोन शब्दांत सगळं आलं. जी बाई आपणहून गेली, तिला आत न घेण्याचा हुकूम कशाला लागतो?

निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की नोकरी सोडण्याचा इरादा कामगाराचा असावा लागतो, दुसऱ्याच्या हातानं फेकलेल्या कार्डात तो शोधता येत नाही. आरोप नाही, चौकशी नाही, बोलावणं नाही. बाईला कामावर परत घ्यावं, मधली वर्षं नोकरीत धरावीत, मागच्या पगाराचा काही भाग द्यावा. पूर्ण का नाही? तर सुरुवातीचे काही दिवस ती स्वतः गेटवर गेली नव्हती. म्हणजे माझ्या नऊ दिवसांची शिक्षा तिला झालीच. ते मला अजून बोचतं. कंपनी वरच्या कोर्टात गेली, तिथेही तेच झालं. जमादारांना मात्र कोणी हात लावला नाही. पुढे ते वयोमानानं घरी बसले तेव्हा त्यांच्या निरोपाला बायांनीच जेवण दिलं.

सगळ्या केसेस अशा झाल्या नाहीत, हे लिहिलं नाही तर लबाडी होईल. कापसाच्या जिनिंगमधला एक कामगार होता, सहा हंगाम घाम गाळलेला. पण कामाला लागताना तो थोरल्या भावाच्या नावावर लागला होता, कारण जागा भावाची होती आणि भाऊ आजारी. आमच्याकडे हे चालतं, सगळ्यांना माहीत असतं, मुकादमालाही. काढल्यावर हजेरीपटात त्याचं नावच नाही. दोनशे चाळीस दिवस सोडा, एक दिवस सिद्ध करता आला नाही. तो कोर्टात रडत म्हणाला, "साहेब, मी हाय ना, माह्या हाताकडं बघा." हात बघून निकाल देता येत नाही. तेव्हापासून कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, नाव कोणाचं सांगितलंस?

आणि एकदा तर तोच मॅनेजर आला, सखारामभाऊंचा कागद करणारा. त्यालाही मालकांच्या मुलानं एका दिवसात घरी बसवलं होतं, तोंडी. ओसरीवर बसून म्हणाला, "ताई, काही करता येईल का?" मला आधी गंमत वाटली, लपवत नाही. चहा दिला, साखर जरा जास्तच घातली. मग पुस्तक उघडलं. या कायद्याचं छत्र कामगाराला, मॅनेजर त्यात बसत नाही. त्याला दुसरे रस्ते होते, लांबचे आणि खर्चाचे. ते सांगताना गंमत गेली. माणूस तोच, तोंडी हुकूम तोच, आणि त्याच्यासाठी उभं राहायला गेटसुद्धा नाही.

आता नवे कायदे आलेत, जुन्यांची मिळून संहिता झाली, कलमांचे नंबर बदलले. माझे पाठ केलेले नंबर माझ्याबरोबरच निवृत्त झाले. नात पुण्याला कंपनीत आहे. तिच्या मैत्रिणीला मोबाईलवर एक ओळ आली आणि सकाळी तिचा कॉम्प्युटर उघडेना. नात म्हणाली, "आजी, इथे गेटच नाही, उभी कुठे राहणार?" मी म्हटलं, मेल लिही, मी कामाला तयार आहे म्हणून, रोज लिही, आणि उत्तर आलं की पुसू नको. ती म्हणाली, "हे चालेल?" मी म्हटलं, चालेल की नाही ते वकिलाला विचार, पण निघून जाऊ नका म्हणावं तिला. हे मी खात्रीनं सांगू शकते. माझ्याइतकी किंमत मोजून कोणी शिकलेलं नाही. म्हणजे किंमत धुरपतानं मोजली; शिकले मी.

तर धुरपता कामावर हजर व्हायचा दिवस. वरच्या कोर्टाचा निकाल येऊन आठवडा झाला होता. मी म्हटलं, आता तरी साडी काढू. ट्रंकेतून लाल काठ काढला. दोन हलगीवाले सांगितले. झेंडूचा हार, पेढे, आणि दोन पानी भाषण. त्यात सत्याचा विजय होता, एकजूट होती, आणि तीन ठिकाणी माझे स्वतःचे आभार होते, जरा आडून. पाळीच्या अर्धा तास आधी आम्ही गेटवर. बाया जमल्या, कमिटी जमली, ज्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं होतं ते सगळ्यात पुढे.

धुरपता चालत आली. हातात डबा, डोक्याला रुमाल, कामाचीच साडी. हलगी वाजायला लागली तशी ती जरा बिचकली. मी तिच्या गळ्यात हार घातला. तिनं घालून घेतला. सखारामभाऊ आले होते, त्यांनी उरलेल्या बोटांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा तिचे डोळे भरले, तेवढेच. मग मी हलगी थांबवली, भाषणाचा कागद उघडला, घसा साफ केला आणि म्हणाले, "बंधू-भगिनींनो, आजचा हा दिवस..."

आतून भोंगा वाजला.

धुरपतानं हार काढून माझ्या हातात दिला, पदर खोचला, आणि म्हणाली, "ताई, भाषण सांजच्याला करा. भोंगा झालाय, माही हजेरी चुकंल."